मजकूर एक, पाने अनेक
मेक व एक्सएसएलटी या जोडीची एक समीक्षा

वार्षिक परीक्षेचे गुण वर्गशिक्षक एका नोंदवहीत भरतात. त्याच गुणांवरून पुढे प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक, वर्गाचे निकालपत्रक, सूचनाफलकावरची यादी असे अनेक कागद तयार होतात. फेरतपासणीत एखाद्या विद्यार्थ्याचे गणिताचे गुण बदलले, तर कोणते कागद पुन्हा लिहायचे आणि कोणते तसेच ठेवायचे, हे जाणत्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. मूळ नोंद एकच असते, तिच्यावरून निघणारे कागद अनेक असतात, आणि कोणता कागद कशावर अवलंबून आहे हे ठाऊक असते. या तीन गोष्टी सांभाळल्या की घोटाळा होत नाही.

संकेतस्थळ तयार करणे हे याच जातीचे काम आहे. तरीही शाळांची, ग्रंथालयांची व गावांची बहुतेक संकेतस्थळे पाहिली, तर नेमकी हीच शिस्त तेथे आढळत नाही. मजकूर, त्याची मांडणी आणि पानांचे परस्परसंबंध या तिन्ही गोष्टी एकमेकींत कालवलेल्या असतात. करणारा शिक्षक बदलून गेला की संकेतस्थळ जेथे होते तेथेच राहते, आणि काही वर्षांनी नाहीसे होते.

या रोगावर एक जुना उपाय आहे. मजकूर एक्सएमएल या पद्धतीने खुणा करून साध्या फाईलींत ठेवायचा, मांडणीचे नियम एक्सएसएलटी या भाषेत लिहायचे, आणि कोणते पान कशावरून व केव्हा तयार करायचे हे मेक या आज्ञावलीला एका यादीत सांगायचे. या यादीला मेकफाईल म्हणतात. यांतून निघतात ती एचटीएमएलची तयार, साधी पाने. वाचकाने मागणी केल्यावर पान जुळवण्याची गरज उरत नाही, म्हणून अशा संकेतस्थळाला ‘स्थिर’ म्हणतात. या पद्धतीचे भक्त तिचे फार गोडवे गातात, आणि टीकाकार तिला अडगळ म्हणतात. शाळेच्या दृष्टीने तिचे खरे मोल काय, हे येथे तपासून पाहायचे आहे. तपासणीसाठी आम्ही बेलापूर हे गाव घेतले आहे.

नाव एक, ठिकाणे अनेक

बेलापूर म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईतील बेलापूर येते. आम्ही म्हणतो ते बेलापूर प्रवरेच्या काठचे, श्रीरामपूर तालुक्यातले. पण घोटाळा इथेच संपत नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावर ‘बेलापूर’ नावाचे जे रेल्वे स्थानक आहे, ते या बेलापूर गावात नसून श्रीरामपूर शहरात आहे. ‘बेलापूर’ हे नाव मिरवणाऱ्या एकेकाळच्या साखर कंपनीचा कारखाना होता हरेगावला. शिवाय खुद्द गावाच्या नावापुढे बुद्रुक आणि खुर्द हा भेद आहेच.

जिल्ह्याच्या नावाचे आणखी निराळे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर जिल्ह्यावरील खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी श्रीरामपूर तालुका अस्तित्वातच नव्हता. पुढे २०२४ साली जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले.

आता समजा, बेलापूरच्या एखाद्या शाळेने विद्यार्थ्यांकडून गावाची माहिती गोळा करून तिची शंभरभर पाने तयार केली आहेत. नदी, कालवे, ऊस, बाजार, मंदिरे, जुन्या संस्था, गावाविषयीचे जुने उल्लेख असे सर्व काही त्यांत आहे. जिल्ह्याचे नाव बदलले. आता काय करायचे? सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सगळीकडे ‘अहमदनगर’ शोधून त्या जागी ‘अहिल्यानगर’ घालणे. संगणक हे काम क्षणात करील. पण मग १८८४ चे गॅझेटियर ‘अहिल्यानगर जिल्हा गॅझेटियर’ होईल. अशा नावाचा ग्रंथ त्या साली कोणी छापला नाही. तो शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याला तो कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. याहून गंमत म्हणजे, ‘मलिक अहमदने वसवलेल्या शहराला त्याच्या नावावरून अहमदनगर हे नाव मिळाले’ हे खरे वाक्य ‘त्याच्या नावावरून अहिल्यानगर हे नाव मिळाले’ असे होऊन बसेल. एका कळीने इतिहास खोटा होईल, आणि शंभर पानांत कोठे कोठे झाला हे हुडकणे कठीण जाईल.

संगणकाचा यात दोष नाही. ‘आजचा जिल्हा’ आणि ‘त्या ग्रंथाचे नाव’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. आम्ही ज्या पद्धतीची समीक्षा करीत आहोत, तिचा पाया हे सांगण्यातच आहे.

पद्धत कशी चालते

एक्सएमएल म्हणजे मजकुरात अर्थाच्या खुणा करण्याचा नियम. त्याचे पहिले प्रमाणित रूप १९९८ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले. खुणांची नावे आपणच ठरवायची असतात, आणि ती मराठीत, देवनागरीत असली तरी चालतात. ही सोय त्यात सुरुवातीपासून आहे. मात्र आपल्याकडे तिचा वापर क्वचितच होतो. बेलापूरच्या एका नोंदीचा नमुना असा:

<नोंद ओळख="बेलापूर-स्थानक">
  <शीर्षक>बेलापूर रेल्वे स्थानक</शीर्षक>
  <परिच्छेद>हे स्थानक <स्थळ ओळख="श्रीरामपूर">श्रीरामपूर</स्थळ> शहरात आहे. <स्थळ ओळख="बेलापूर-गाव">बेलापूर</स्थळ> हे गाव निराळे. जिल्हा: <आजचा-जिल्हा/></परिच्छेद>
  <आधार><ग्रंथ वर्ष="१८८४">अहमदनगर जिल्हा गॅझेटियर</ग्रंथ></आधार>
</नोंद>

या नोंदीत अक्षरे लहान-मोठी किंवा लाल-निळी करण्याविषयी एक शब्दही नाही. हे स्थळाचे नाव, हे ग्रंथाचे नाव, आणि येथे आजच्या जिल्ह्याचे नाव यावे, एवढेच सांगितले आहे. आजच्या जिल्ह्याचे नाव नोंदीत लिहिलेलेच नाही. ते ‘नावे’ या वेगळ्या फाईलीत एकदाच लिहिलेले आहे. ग्रंथाचे नाव मात्र छापले होते तसे, कायमचे लिहिले आहे.

दुसरा भाग एक्सएसएलटी. त्याची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. ही साच्यांची भाषा आहे. ‘शीर्षक ही खूण दिसली की मोठ्या अक्षरांत लिही’, ‘स्थळ ही खूण दिसली की त्या ओळखीच्या पानाशी दुवा जोड’, ‘आजचा-जिल्हा ही खूण दिसली की नावे या फाईलीतून शब्द आण’, असे नियम तीत लिहितात. पहिल्यांदा हे कर, मग ते कर, अशी क्रमवार आज्ञावली येथे नसते. काय दिसले तर काय लिहावे, एवढेच सांगायचे असते. व्याकरणाचे नियम ज्यांनी शिकवले आहेत त्यांना ही रीत परकी वाटू नये.

तिसरा भाग मेक. ही आज्ञावली स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिहिली. तिचा मूळ हेतू मोठ्या आज्ञावलींचे तुकडे जोडणे हा होता. संकेतस्थळ ही कल्पनाही तेव्हा नव्हती. मेकफाईलीतील एक नियम असा दिसतो:

तयार/%.पान : मजकूर/%.मूळ साचे/पान.साचा
    $(रूपांतर) साचे/पान.साचा $< > $@

‘पान’, ‘मूळ’ ही शेपटे आम्ही वाचकांच्या सोयीसाठी घातली आहेत. प्रत्यक्षात तेथे एचटीएमएल, एक्सएमएल ही शेपटे लागतात. ‘रूपांतर’ या शब्दाने एक्सएसएलटीचे साचे चालवणारी आज्ञावली समजायची; एक्सएसएलटीप्रॉक ही त्यांपैकी मोफत मिळणारी व सर्वपरिचित. पहिल्या ओळीत विसर्गासारख्या चिन्हाच्या डावीकडे काय हवे ते, आणि उजवीकडे ते कशावर अवलंबून आहे ते लिहिले आहे. टक्क्याचे चिन्ह म्हणजे कोणतेही नाव. दुसऱ्या ओळीत करावयाची कृती आहे. तीत शेवटची दोन विचित्र चिन्हे अनुक्रमे ‘पहिली मूळ फाईल’ आणि ‘हवी असलेली फाईल’ यांच्या जागी येतात.

मेकचे काम एवढेच: उजवीकडच्यांपैकी एखादी फाईल डावीकडच्या फाईलीपेक्षा नवी असेल, तर कृती करायची, नसेल तर स्वस्थ बसायचे. एका नोंदीत दुरुस्ती केली तर तिचे एक पान पुन्हा तयार होते. साचा बदलला तर सगळी पाने पुन्हा तयार होतात. अनुक्रमणिकेचे पान सर्व नोंदींवर अवलंबून आहे असे लिहिले, की नवी नोंद घालताच अनुक्रमणिकाही नवी होते. वर सांगितलेल्या वर्गशिक्षकाचे ज्ञान दोन-चार ओळींत उतरले आहे.

गुण कोणते

पहिला गुण आता उघडच आहे. जिल्ह्याचे नाव बदलले की ‘नावे’ या फाईलीत एक शब्द बदलायचा. शंभर पानांवर नवे नाव येते, आणि १८८४ चा ग्रंथ आपल्या नावानिशी सुरक्षित राहतो. नवी मुंबईचे बेलापूर, स्थानकाचे बेलापूर आणि गावाचे बेलापूर यांच्या ओळखी निराळ्या असल्याने दुवे चुकत नाहीत. मुख्य म्हणजे, ‘हा शब्द येथे कोणत्या अर्थाने आला आहे?’ हा प्रश्न खूण करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक नावाशी थांबून स्वतःला विचारावा लागतो. भूगोल व इतिहास शिकण्याची ही उत्तम रीत आहे असे आमचे मत आहे.

दुसरा गुण म्हणजे निघालेले पान कोणावर अवलंबून नसते. त्याला माहितीकोश लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. पाने पेन ड्राइव्हवर घेऊन आंतरजाल नसलेल्या खोलीतही उघडता येतात, आणि एका शाळेकडून दुसऱ्या शाळेने जशीच्या तशी उतरवून घेता येतात. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेले अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील पुस्तके गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोचली, याचे एक कारण तेथील सामग्री फाईल म्हणून सहज उतरवून घेता येते हे आहे. माहिती टिकते ती प्रतींमुळे. ज्याची प्रत सहज निघत नाही, ते टिकत नाही.

तिसरा गुण मराठी वाचकांना विशेष जाणवावा. १९९० च्या दशकात आपल्याकडे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत लिहिला जाई, आणि प्रत्येक टंकाची अक्षरांची सांकेतिक योजना वेगळी असे. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली होती. पण ती आपल्या नित्य वापरात यायला पुढे बरीच वर्षे गेली. मधल्या काळातील कितीतरी फाईली आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. त्या फाईलींत मजकूर आहे, पण तो वाचण्याची किल्ली मजकुराबाहेर, टंकात होती. वर दिलेली नोंद युनिकोडमध्ये साध्या अक्षरांत आहे. उद्या एक्सएसएलटी, मेक, सगळे नाहीसे झाले, तरी ‘शीर्षक’, ‘स्थळ’, ‘ग्रंथ’ या खुणांसह ती कोणत्याही मराठी माणसाला वाचता येईल.

दोष कोणते

येथपर्यंत भक्तांच्या बाजूने झाले. पण ही पद्धत शाळेत आणू पाहणाऱ्याने तिचे दोषही नीट पाहिले पाहिजेत. ते किरकोळ नाहीत.

सर्वांत मोठा दोष असा, की मेक आणि एक्सएसएलटी यांना एकमेकांची ओळख नाही. वरचा नियम पुन्हा पाहावा. पान हे मूळ नोंदीवर आणि साच्यावर अवलंबून आहे असे त्यात म्हटले आहे; ‘नावे’ या फाईलीचा उल्लेखच नाही. ती फाईल साच्याच्या पोटातून वाचली जाते, आणि साच्याच्या पोटात काय आहे हे मेकला दिसत नाही. तेव्हा जिल्ह्याचे नाव बदलून मेक चालवले, तर ते शांतपणे कळवते की करण्यासारखे काही नाही, सर्व पाने अद्ययावत आहेत. ज्या कामासाठी एवढी रचना केली, नेमके तेच काम होत नाही. उपाय सोपा आहे: नियमाच्या उजव्या बाजूला ‘नावे’ हेही लिहायचे. पण हे माणसानेच लक्षात ठेवायचे. एक अवलंबन साच्यात आणि मेकफाईलीत असे दोनदा लिहावे लागणे, हे ‘एक गोष्ट एकदाच लिहावी’ या तत्त्वाचा ध्वज घेऊन निघालेल्या पद्धतीला शोभत नाही.

दुसरा दोष याहून फसवा आहे. नोंदीत एखादी खूण बंद करायची राहिली, तर रूपांतर अर्ध्यावर थांबते. पण तोपर्यंत डावीकडची फाईल उघडली गेलेली असते. ती रिकामी, आणि तारखेने अगदी नवी. मेक पुन्हा चालवले की ते तारीख पाहते आणि पान तयार आहे असे मानते. चुकीची सूचना एकदाच दिसते. त्या वेळी लक्ष नसेल तर कोरे पान संकेतस्थळावर जाते. काम फसल्यास अर्धवट फाईल पुसून टाकण्याची सोय मेकमध्ये आहे, पण ती मागितल्याखेरीज मिळत नाही. नवशिक्यासाठी ही सोय आपोआप असायला हवी होती.

तिसरा दोष घड्याळाचा. मेकचा सगळा विश्वास फाईलींच्या तारखांवर आहे. शाळेच्या संगणककक्षातील जुन्या यंत्राची आतील घडी चालवणारी बॅटरी संपलेली असेल, तर ते सुरू होताना कित्येक वर्षे मागची तारीख दाखवते. अशा यंत्रावर आज दुरुस्त केलेली नोंद कालच्या पानापेक्षा ‘जुनी’ ठरते, आणि पान बदलत नाही. उलट, फाईली एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवताना तारखा नव्या झाल्या, तर काहीच बदललेले नसताना सर्व पाने पुन्हा तयार होतात. हे दुसरे संकट निरुपद्रवी आहे. पहिले मात्र माणसाला भ्रमात टाकते. मजकूर बदलला की नाही हे मजकुरावरूनच ठरवणारी साधने पुढे निघाली. मेकने तारखेची रीत सोडली नाही.

चौथा, काहीसा हास्यास्पद दोष म्हणजे मेकच्या खोडी. कृतीची ओळ टॅब या कळीने सुरू व्हावी लागते. त्याऐवजी कळफलकावरून आठ मोकळ्या जागा सोडल्या तर डोळ्यांना तेच दिसते, पण मेक चालत नाही. फाईलीच्या नावात मोकळी जागा असली की मेक त्याची दोन नावे समजते. ‘बेलापूर बाजार नवीन’ अशी नावे देण्याची सवय आपल्या सर्वांना आहे. ती सोडून ‘बेलापूर-बाजार’ असे लिहावे लागते. शिवाय एखादी नोंद काढून टाकली, तरी तिच्यावरून पूर्वी तयार झालेले पान आपोआप जात नाही. मूळ गेले तरी पान राहते, आणि चुकीची म्हणून काढलेली माहिती वाचकांना दिसत राहते.

आता एक्सएसएलटीकडे वळू. या भाषेची दुसरी आवृत्ती २००७ साली आणि तिसरी २०१७ साली प्रमाण झाली. परंतु एक्सएसएलटीप्रॉक पहिल्या आवृत्तीपुढे गेलेले नाही. पहिल्या आवृत्तीच्या प्रमाणानुसार एका रूपांतरातून एकच फाईल निघते, आणि अक्षरमालेची कामे करताना फार द्राविडी प्राणायाम करावा लागतो. मराठीच्या दृष्टीने त्यातील एक उणीव नोंदवण्यासारखी आहे. क्रम लावण्याची आज्ञा साध्या रीतीने वापरली, तर युनिकोडमधील अनुक्रमांकांप्रमाणे यादी लागते. त्या क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. शाळेत आपण ‘ह’ नंतर ‘ळ’ शिकवतो. त्यामुळे आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘कवठे’ आधी आणि ‘कळस’ नंतर यायला हवे, ते उलटे येते. ‘क्ष’ने सुरू होणारी नावेही शेवटी न येता ‘क’ मध्ये मिसळतात. बेलापूर परिसरातील गावांची सूची करणाऱ्या विद्यार्थ्याला हे लगेच दिसेल, आणि साचा कितीही निरखला तरी त्यात कारण सापडणार नाही. प्रत्येक नोंदीत क्रमासाठी वेगळी खूण करून यातून वाट काढता येते, पण ती वाटच आहे, राजमार्ग नव्हे.

आणि शेवटी, ही भाषा शब्दबंबाळ आहे. जेथे एक ओळ पुरावी तेथे सहा ओळी लागतात. आपल्या खुणा मराठीत ठेवता आल्या तरी साच्यातील आज्ञा इंग्रजीतच राहतात. त्या थोड्या आहेत, पण आहेत.

दोष साधनाचा की तत्त्वाचा?

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग नवी साधने का वापरू नयेत? २००३ साली आलेल्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत साचे व टॅब यांची कटकट नाही. खरे आहे. पण तेथे पान मागणीनुसार जुळवले जाते. त्यासाठी माहितीकोश लागतो, प्रणाली सतत अद्ययावत ठेवावी लागते, आणि ते करणारा माणूस कायम लागतो. वर्तमानपत्राला हे परवडेल. ज्या शाळेत संगणक जाणणाऱ्या शिक्षकाची बदली कधीही होऊ शकते, तेथे ही व्यवस्था निराधार होते.

स्थिर पाने तयार करणारी नवी साधनेही आहेत. २००८ चे जेकिल, २०१३ चे ह्यूगो ही त्यांपैकी प्रसिद्ध. मेक व एक्सएसएलटी यांच्या जोडीपेक्षा ती सोपी आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कोरे पान तयार होणे, अवलंबन विसरणे असल्या चुका त्यांत सहसा होत नाहीत. मात्र त्यांत मजकूर प्रामुख्याने मार्कडाऊन या खुणांच्या पद्धतीत लिहितात. मार्कडाऊनने हा शब्द ठळक आहे, हे शीर्षक आहे, हा दुवा आहे असे सांगता येते. ‘हे ग्रंथाचे नाव आहे, ते बदलू नये’ आणि ‘हे बेलापूर म्हणजे स्थानक’ असे सांगण्याची सहज सोय त्यात नाही. केवळ वार्तापत्र काढायचे असेल तर मार्कडाऊन पुरे आहे. गावाची नोंदवही ठेवायची असेल तर अर्थाच्या खुणा हव्यात.

२०२५ साली आणखी एक घटना घडली. क्रोम या ब्राउझरमधून एक्सएसएलटीची सोय काढून टाकण्याचा निर्णय गूगलने जाहीर केला. काहींनी यावरून ही भाषाच संपली असा निष्कर्ष काढला. तो घाईचा आहे. ब्राउझरमधील सोय म्हणजे वाचकाकडे मूळ एक्सएमएल पाठवायचे आणि रूपांतर त्याच्या यंत्रावर व्हायचे. आमच्या पद्धतीत रूपांतर शाळेतच होते आणि वाचकाकडे तयार पान जाते. त्या पानाला एक्सएसएलटीशी कर्तव्य नसते. या घटनेने उलट एक धडा दिला आहे: जे काम आपल्या घरी आटोपता येते, ते वाचकाच्या यंत्रावर सोपवू नये. तथापि, ही भाषा आता थोड्या लोकांच्या हाती उरली आहे, हा टीकाकारांचा मुद्दा यातून बळकट होतो, हेही कबूल केले पाहिजे. पुढच्या शिक्षकाला ती शिकवणारा कोणी सहज भेटेल असे मानून चालू नये.

आमचा निर्णय

तेव्हा या पद्धतीचे तीन भाग सुटे करून त्यांवर वेगवेगळा निर्णय द्यावा असे आम्हांला वाटते.

मजकुरात अर्थाच्या खुणा करणे हा सर्वांत मोलाचा भाग आहे. तो निःशंक स्वीकारावा. मात्र खुणा मोजक्याच ठेवाव्यात. स्थळ, व्यक्ती, ग्रंथ, काळ आणि ‘आजचे नाव’ एवढ्या पाच-सहा खुणांवर शाळेचे काम भागते. पन्नास खुणा ठरवल्या की त्या कोणी पाळीत नाही.

अवलंबनांची यादी लिहून ठेवणे हा दुसरा भाग. मेकच्या खोडी त्रासदायक आहेत, तरी त्याचे मोल मोठे आहे. ‘हे संकेतस्थळ कसे तयार होते?’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मेकफाईल या एका पानात असते. बदलून आलेल्या शिक्षकाला ते वाचून समजू शकते. शिवाय ते चालवूनही पाहता येते. म्हणून मेक स्वीकारावे, पण त्याबरोबर तीन नियम पाळावेत: साच्याच्या पोटातली प्रत्येक फाईल यादीत लिहावी, काम फसल्यास अर्धवट पान पुसण्याची सोय पहिल्याच दिवशी मागून घ्यावी, आणि प्रसिद्धीपूर्वी ‘तयार’ फोल्डर संपूर्ण रिकामे करून सर्व पाने नव्याने काढावीत. या तिसऱ्या नियमाने घड्याळाचा, कोऱ्या पानाचा आणि मागे राहिलेल्या पानाचा, असे तीन प्रश्न एकदम सुटतात. शंभर पाने पुन्हा काढायला आजच्या साध्या संगणकालाही फार वेळ लागत नाही. अशा आकाराच्या कामात मेकचा वेग महत्त्वाचा नाहीच. महत्त्वाची आहे ती लेखी यादी.

एक्सएसएलटी हा तिसरा भाग सशर्त स्वीकारावा. मोजके साचे लिहून जेवढे होते तेवढेच तिच्याकडून करून घ्यावे. साचे हुशारीचे होऊ लागले, की ते लिहिणाऱ्याखेरीज कोणाला कळत नाहीत, आणि मग आपण ज्या रोगावर औषध शोधत होतो तोच रोग साच्यांत शिरतो. उद्या ही भाषा सोडावी लागली, तरी खुणा केलेला मजकूर तसाच राहील आणि साचे दुसऱ्या भाषेत एका सुट्टीत लिहून होतील, अशा बेताने काम ठेवावे.

ज्या शिक्षकांना हा प्रयोग करून पाहायचा असेल त्यांनी आरंभी संगणकाला हातही लावू नये. आपल्या गावाविषयीच्या दहा नोंदी विद्यार्थ्यांकडून कागदावर लिहून घ्याव्यात, आणि रंगीत पेन्सिलींनी स्थळ, व्यक्ती, ग्रंथ व काळ यांच्याखाली रेघा ओढायला सांगावे. वर्गात वाद होतील: प्रवरासंगम हे स्थळ की नदीचे वर्णन, ‘नगर’ म्हणजे शहर की जिल्हा, ‘बेलापूर स्टेशन’ यातील बेलापूर कोणते. हे वाद मिटवून जे नियम ठरतील ते फळ्यावर लिहून ठेवावेत. त्या नियमांना फाईलीचे रूप देणे हे पुढचे, तुलनेने सोपे काम आहे. नववी-दहावीचे विद्यार्थी ते आनंदाने करतील.